वीस देश आणि एक गाव

परवा माझी भाची चार दिवस काशीदला राहून गेली. पुण्यात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि शनिवार-रविवार स्पॅनिशचा क्लास करते. का, तर म्हणे स्पॅनिश येत असेल तर पगार चांगला मिळतो. "आत्या, अगं वीस देशांत चालते ती भाषा!" मी म्हटलं, शीक बाई. आमच्या वेळी टायपिंगची परीक्षा दिली की नोकरी लागायची, आता स्पॅनिश. प्रत्येक पिढीचं आपापलं टायपिंग असतं.

येताना बया गृहपाठ घेऊन आली होती. "स्पॅनिश बोलणाऱ्या देशांची ओळख" या विषयावर क्लासमध्ये दहा मिनिटं बोलायचं आणि मागे पडद्यावर स्लाइड्स दाखवायच्या. पडवीत झोपाळ्यावर बसून तिने ते तासाभरात उरकलंसुद्धा. चहा द्यायच्या निमित्ताने मी मागून डोकावले. देशाचं नाव, झेंडा, राजधानी, चलन, एक पदार्थ, एक फुटबॉलपटू. पुढचा देश. स्पेनला बैलाशी झुंज, मेक्सिकोला मोठ्ठी टोपी, अर्जेंटिनाला मेस्सी. वीस देश, वीस चौकटी. त्यापेक्षा लग्नाचा बायोडेटा बरा, त्यात निदान 'अपेक्षा' तरी लिहिलेल्या असतात!

आता मला स्पॅनिश येत नाही, हे आधीच कबूल करते. बत्तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर गेली. पण रिटायर झाल्यापासून वाचायला भरपूर वेळ आहे आणि ऐकायला कुणी नाही, त्यामुळे तावडीत सापडलेल्या माणसाला मी सोडत नाही. भाचीला जे सांगितलं आणि त्यानंतर जे झालं, ते इथे लिहून ठेवते आहे. दादा-वहिनी हे वाचतील आणि "पोरीच्या डोक्यात काय भरवलंस" म्हणून फोन येईल, त्याचीही तयारी आहे.

तर आधी तिच्या यादीबद्दल. यादी बरोबर होती हो. युरोपात एकटा स्पेन. अटलांटिक ओलांडला की मेक्सिको, त्याच्याखाली शेपटीसारखे ग्वातेमाला, एल साल्वादोर, होन्दुरास, निकाराग्वा, कोस्टा रिका आणि पनामा. समुद्रात क्युबा आणि डोमिनिकन रिपब्लिक. दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएला, कोलंबिया, इक्वेडोर, पेरू, बोलिव्हिया, पराग्वे, उरुग्वे, अर्जेंटिना, चिली. आणि कुणाच्या लक्षात न राहणारा आफ्रिकेतला इक्वेटोरियल गिनी, जो स्पेनपासून १९६८ साली स्वतंत्र झाला. झाले वीस. शिवाय पोर्तो रिको आहे, पण ते अमेरिकेच्या ताब्यात असल्यामुळे देशांच्या यादीत धरत नाहीत. ब्राझील यात नाही, तिथे पोर्तुगीज बोलतात. स्पॅनिश ही मातृभाषा असलेली माणसं पन्नास कोटींच्या आसपास, आणि त्यांत खुद्द स्पेनमधली जेमतेम दहात एक. सगळ्यात जास्त मेक्सिकोत. म्हणजे आई राहिली बाजूला आणि लेकीचंच घर मोठं झालं.

मी तिला म्हटलं, "तुझा तो चलनाचा रकाना आहे ना, तो जरा सलग वाचून दाखव." तिने वाचला. कोस्टा रिकाचं चलन कोलोन. "कोण हा?" मी विचारलं. कोलोन म्हणजे कोलंबस. निकाराग्वाचं कोर्दोबा, हे नाव त्या देशावर चालून गेलेल्या स्पॅनिश सरदाराचं. पनामाचं बाल्बोआ, तोही स्पॅनिशच. पण निकाराग्वाच्या शेजारच्या होन्दुरासचं चलन लेम्पिरा, आणि लेम्पिरा हा स्पॅनिशांविरुद्ध लढलेला तिथल्या लेंका लोकांचा नायक. व्हेनेझुएलाचं बोलिव्हार, ज्याने स्पेनचं राज्य उलथवलं त्याच्या नावाचं. इक्वेडोर आणि एल साल्वादोरमध्ये आता चक्क अमेरिकन डॉलर. आणि पराग्वेचं ग्वारानी. "हे ग्वारानी काय आहे माहितीये? ती एक भाषा आहे. स्पॅनिश लोक यायच्या आधीपासूनची."

म्हणजे ज्याने लुटलं त्याचं नाव एका खिशात आणि जो लढला त्याचं नाव शेजाऱ्याच्या खिशात. हे वीसही देश एकच भाषा बोलतात, पण ती भाषा आपल्याकडे कशी आली याबद्दल त्यांचं एकमत नाही. असं सगळं त्या एका रकान्यात होतं आणि आमची पोर नुसतं टाइप करून पुढे गेली होती. ती म्हणाली, "आत्या, दहा मिनिटंच आहेत गं." तेही खरंच.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. आईचा उपास. (आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, पण एकादशी सोडत नाही.) तिच्या ताटात साबुदाण्याची खिचडी, त्यात बटाटा, दाण्याचं कूट, हिरवी मिरची. शेजारी उकडलेलं रताळं आणि एक राजगिऱ्याचा लाडू. मी भाचीला म्हटलं, "ही बघ तुझी लॅटिन अमेरिका."

तिला गंमत वाटली. पण हे अगदी खरं आहे. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरांतला. भुईमूग दक्षिण अमेरिकेतलाच. मिरची मेक्सिकोकडची. रताळंही तिकडचंच. एवढंच कशाला, राजगिरासुद्धा मूळचा तिकडचा. मेक्सिकोत आजही लाह्या फोडून, पाकात घालून त्याच्या वड्या करतात. तिला म्हणतात 'अलेग्रिया', म्हणजे आनंद. आपली राजगिऱ्याची चिक्कीच ती! पाचशे-सव्वापाचशे वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी एकादशीला काय खाल्लं असेल कोण जाणे, पण साबुदाण्याची खिचडी नक्कीच खाल्ली नसेल. जो उपास आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळतो, त्याच्या ताटातलं निम्मंअधिक सामान पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजांमुळे जगभर पसरलं आणि फिरत फिरत आपल्यापर्यंत आलं. चिकूचं तर नावसुद्धा मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतलं आहे. आपल्या परसातलं झाड आणि नाव त्या राज्यातलं, जे स्पॅनिशांनी १५२१ साली बुडवलं.

जिन्नस आले तसे शब्दही आले. तिची स्पॅनिशची वही घेऊन आम्ही बसलो आणि खेळच सुरू झाला. पावाला स्पॅनिशमध्ये 'पान'. पिंपाला 'पीपा'. बिजागरीला 'बिसाग्रा'. चावीला मेक्सिकोत 'यावे', ब्युनोस आयर्सला 'शावे'. आणि पैसे देणे याला 'पागार'! म्हणजे ज्या पगारासाठी बाई स्पॅनिश शिकतेय तो पगार तिच्या आजोबांच्या तोंडीसुद्धा होता. हे शब्द आपल्याकडे आले ते पोर्तुगीजमधून, पण पोर्तुगीज आणि स्पॅनिश सख्ख्या बहिणी, त्यामुळे शब्द इकडचेतिकडचे सारखेच.

"पण पोर्तुगीज गोव्यात ना?" तिने विचारलं. झालं! रायगड जिल्ह्यात जिचं आजोळ-पणजोळ, तिने हे विचारावं? अगं, आपल्या दारातून जी एसटी अलिबागला जाते, ती बोर्ली सोडली की कोर्लईवरून जाते ना? खाडीच्या पलीकडे रेवदंडा. त्या रेवदंड्याला पोर्तुगीजांनी १५२१ पासून किल्ला बांधायला घेतला. समोर खाडीच्या तोंडाशी कोर्लईचा डोंगर, त्याच्यावर निजामशहाची ठाण. १५९४ साली पोर्तुगीजांनी तो डोंगर जिंकला. आणि आता गंमत बघ. १५८० ते १६४० अशी साठ वर्षं पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचेच राजे होते. म्हणजे १५९४ साली कोर्लईवर जे शिपाई चढले, त्यांचा राजा होता स्पेनचा दुसरा फिलिप. तोच मेक्सिकोचा राजा, तोच पेरूचा राजा, आणि फिलिपिन्स हे नावही त्याचंच. तुझ्या यादीतले बहुतेक देश तेव्हा ज्याच्या मुठीत होते, त्याचा अंमल इथून दहा-बारा किलोमीटरवर होता. तुझी पहिली स्लाइड इथून सुरू होऊ शकते.

१७३९ ला चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि पुढच्याच वर्षी तहात चौल-कोर्लई मराठ्यांकडे आलं. पोर्तुगीज गेले, पण त्यांची भाषा गेली नाही. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, म्हणून सविस्तर लिहिते. कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याशी जी ख्रिस्ती वस्ती आहे, तिथे आजही घराघरांत पोर्तुगीजपासून झालेली एक बोली बोलतात. पोर्तुगीज शिपाई, इथल्या ख्रिस्ती झालेल्या बायका, त्यांचे चाकर, यांच्या एकमेकांशी बोलण्यातून ती तयार झाली. बोलणारे तिला म्हणतात 'नौ लिंग', म्हणजे 'आमची भाषा'. बोलणारी माणसं हजाराच्या आतबाहेर. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन भाषातज्ज्ञाने तिच्यावर १९९६ साली आख्खं पुस्तक लिहिलं. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे, शब्द पोर्तुगीज, पण शेजारच्या मराठीच्या सहवासाने वाक्याची घडण बदलत बदलत क्रियापद शेवटी गेलं. सून सासरी राहून सासरच्या पद्धतीने पदर घेऊ लागते, तसं.

तर एका बाजूला वीस देश आणि पन्नास कोटी माणसं, दुसऱ्या बाजूला एक गाव आणि हजारभर माणसं. दोन्ही भाषा एकाच घरातून निघाल्या. मग एक एवढी मोठी का आणि एक एवढी लहान का? माझी भाची पटकन म्हणाली, "स्पॅनिश सोपी आहे ना!" इथे मात्र मी तिला थांबवलं.

माझं मत असं आहे, की कुठलीही भाषा सोपी, गोड किंवा थोर असल्यामुळे वीस देशांत जात नाही. ती जहाजातून जाते, तलवारीमागून जाते, चर्चमधून, शाळेतून आणि सरकारी कागदातून जाते. कोर्लईची भाषा लहान राहिली कारण तिच्यामागचं राज्य १७४० ला उठून गेलं. इतकंच. तिच्यात काही उणं होतं म्हणून नव्हे. आणि स्पॅनिश जिथे गेली तिथे जमीन मोकळी नव्हती. पेरू-बोलिव्हियात केचुआ आणि आयमारा होत्या, मेक्सिकोत नाहुआत्ल आणि माया होत्या. आजही आहेत. बोलिव्हियाच्या २००९ च्या घटनेत स्पॅनिशबरोबर छत्तीस मूळ भाषांना अधिकृत म्हटलं आहे. खुद्द स्पेनमध्येही कातालान, बास्क आणि गालिसियन आहेत, ज्यांना फ्रँकोच्या हुकूमशाहीत शाळेत आणि कचेरीत जागा नव्हती. "स्पॅनिश बोलणारे देश" म्हणून एका रंगात रंगवलेला नकाशा या सगळ्यांवरून एकच बोळा फिरवतो.

याच्या उलट पराग्वे बघा. तिथे ग्वारानी बोलतात ते केवळ मूळ रहिवासी नव्हेत, बहुसंख्य लोक बोलतात. शहरातलेही. घरात, बाजारात, भांडणात, थट्टेत ग्वारानी आणि कागदावर स्पॅनिश. १९९२ च्या घटनेने दोन्ही अधिकृत केल्या. तिकडे कोलंबियात सान बासिलिओ दे पालेंके नावाचं गाव आहे, गुलामीतून पळालेल्या आफ्रिकन लोकांनी वसवलेलं. त्यांची स्पॅनिश आणि आफ्रिकन भाषांच्या मिश्रणाची बोली आहे. म्हणजे कोर्लईची मावसबहीणच. युनेस्कोने २००५ साली त्या गावाच्या संस्कृतीला जागतिक वारसा म्हणून मान दिला. फिलिपिन्सच्या झाम्बोआंगा शहरात चाबाकानो आहे, तीही याच गोतावळ्यातली. वीस देशांच्या चौकटीत यांतलं एकही बसत नाही.

आणि एक मराठी माणूसही भाचीच्या चौकटीत बसत नव्हता, तो मीच घुसवला. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, इंग्रजांच्या हातून निसटत देशोदेशी फिरून १९२४ साली मेक्सिकोला पोहोचले. तिथल्या चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या नव्या जातींवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. मेक्सिकोचा थोर चित्रकार दिएगो रिवेरा याने आपल्या एका भित्तिचित्रात त्यांना रोटी वाटणाऱ्याच्या जागी बसवलं आहे. १९६७ साली ते नागपुरात वारले आणि २०२२ साली चापिंगोला त्यांचा पुतळा उभा राहिला. या माणसाने स्पॅनिश शिकली ती पॅकेजसाठी नव्हे, मक्याच्या शेतात उभं राहून शेतकऱ्याशी बोलता यावं म्हणून. असो. प्रत्येकाने खानखोजे व्हावं असं माझं म्हणणं नाही, पण स्लाइडवर मेस्सीशेजारी थोडी जागा करायला हरकत काय!

इथपर्यंत सगळं हसतखेळत चाललं होतं. संध्याकाळी भाचीच्या मैत्रिणीचा व्हिडिओ कॉल आला. आई मागे तांदूळ निवडत बसली होती. सहज म्हणाली, "माजा डोला दुखतोय गो, जरा ता बंद कर." फोनचा उजेड तिच्या डोळ्यावर येत होता. भाची हसून मैत्रिणीला हळूच म्हणाली, "आजी ना, जरा गावठी बोलते."

आईने ऐकलं. काही बोलली नाही. ताटातले तांदूळ तेवढे पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतले.

भाचीला काहीही बोलण्याचा मला अधिकार नाही. कारण हेच मी पन्नास वर्षांपूर्वी केलंय आणि जास्त वाईट केलंय. सातवी संपवून पुढच्या शिक्षणासाठी मी नातेवाइकांकडे राहायला गेले. पहिल्याच आठवड्यात वर्गात उभी राहून धडा वाचताना 'नारळ'च्या जागी 'नारल' म्हणाले. 'पाणी'ला 'पानी'. आमच्या किनाऱ्यावर ळ आणि ण असेच बोलतात, मला कुठे माहीत होतं की ती चूक असते! वर्ग हसला. शिक्षकही हसले. त्या दिवाळीला मी घरी आले ती आईची शिक्षिका होऊनच. ती एक वाक्य बोलली की मी दुरुस्त करायचे. "डोला नाही, डोळा. परत म्हण." ती बिचारी परत म्हणायची. मग पुढे पुढे माझ्यासमोर कमी बोलायला लागली. लग्नानंतर माझ्या बँकेतली मंडळी काशीदला यायची, तेव्हा आई सगळ्यांना जेवायला वाढायची, हसायची आणि आत निघून जायची. मंडळी म्हणायची, "तुझी आई किती शांत आहे गं." आई शांत नाही हो. आळीतल्या बायकांत बसली की तिचं हसणं रस्त्यापर्यंत ऐकू येतं. मला वाटत राहिलं मी तिला शुद्ध बोलायला शिकवलं. प्रत्यक्षात मी तिला गप्प बसायला शिकवलं.

रात्री हे सगळं मी भाचीला सांगितलं. ती काही बोलली नाही, पण सकाळी स्वतःच म्हणाली, "आत्या, कोर्लईला जाऊया?"

गेलो रिक्षा करून. किल्ल्यावर गेलो नाही, माझे गुडघे आता किल्ल्यावरचे राहिलेले नाहीत. माउंट कार्मेलचं चर्च पाहिलं आणि गल्लीतून खाली समुद्राकडे आलो. सुकत घातलेल्या मासळीपाशी दोन बायका आपसांत बोलत होत्या. भाची थबकली. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. कान टवकारून ऐकत होती आणि मग माझा हात दाबून म्हणाली, "मला मधले मधले शब्द कळतायत!" तिने त्या बायकांना विचारलं, ही कुठली भाषा? त्यांतली एक म्हणाली, "आमची भाषा." तेवढंच. मराठीत म्हणाली, आणि अगदी आमच्यासारख्याच मराठीत. मग थोड्या गप्पा झाल्या. पोरं शाळेत मराठी, इंग्रजी शिकतात, घरी ही बोलतात. पुढे बोलतील का, विचारलं तर म्हणाली, "आम्ही बोलतोय तोवर बोलतील. पण इंग्रजी पाहिजे ना, ताई. नोकरी कुठली?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी स्वतः प्रमाण मराठी आणि मोडक्या इंग्रजीच्या जोरावर बत्तीस वर्षं पगार घेतला, आता पेन्शन घेते. कोर्लईच्या बाईला मी कोणत्या तोंडाने सांगू, की तू तुझी भाषा जप आणि मुलांच्या नोकरीचं बघू नकोस? आपल्याला प्रेक्षणीय वाटावं म्हणून कुणी आपली पोरं मागे ठेवायची नसतात. पण एक फरक मला त्या गल्लीत दिसला. ती बाई आपल्या भाषेबद्दल बोलताना लाजली नाही. आम्हाला पाहून तिने मैत्रिणीशी बोलायची भाषाही बदलली नाही. दुसरी भाषा शिकणं हे एक, आणि पहिलीची लाज वाटणं हे दुसरं. दुसरं केल्याशिवाय पहिलं जमत नाही, असं आम्हाला शाळेत कुणीतरी पटवून दिलं होतं. ते खोटं होतं.

आणि याबाबतीत स्पॅनिशकडूनच काही शिकण्यासारखं आहे. माद्रिदला १७१३ साली स्थापन झालेली त्यांची राजमान्य भाषा अकादमी आहे. पूर्वी माद्रिदची स्पॅनिश ती शुद्ध, बाकीच्या बिघडलेल्या, असाच थाट होता. पण आता वेगवेगळ्या देशांतल्या तेवीस अकादम्यांचा एक संघ आहे, त्याची सुरुवात १९५१ साली मेक्सिकोत झाली. कोश आणि व्याकरण ते मिळून करतात. २०१० साली त्यांनी फक्त अमेरिका खंडांतल्या स्पॅनिश शब्दांचा स्वतंत्र कोश काढला. बटाट्याला स्पेनमध्ये 'पाताता' म्हणतात आणि पेरूत 'पापा', दोन्ही बरोबर. 'यावे' बरोबर आणि 'शावे'ही बरोबर. भाचीच्या क्लासमध्ये तिला हे सांगतात, तीही कौतुकाने सांगते. मग 'डोळा' बरोबर आणि 'डोला' गावठी, हे कुठलं गणित? मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, आपण सगळ्यांनी पेढे वाटले. चांगलंच झालं. पण आगरी, कोळी, वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणारी मुलगी वर्गात उभी राहून धडा वाचेल आणि वर्ग हसणार नाही, तो दर्जा आपण आपल्यालाच द्यायचा आहे. त्याला दिल्लीची सही लागत नाही.

परीक्षेच्या वहीत प्रमाणभाषा हवी, हे मला मान्य आहे. पत्र, बातमी, कायदा सगळ्यांना कळायला हवा. पण तिची जागा तेवढीच. स्वयंपाकघरात येऊन तिने आईला दुरुस्त करायचं कारण नाही.

भाची पुण्याला गेली. शनिवारी तिचं ते दहा मिनिटांचं भाषण झालं. पहिली स्लाइड कोर्लईच्या किल्ल्याची, दुसरी आजीच्या एकादशीच्या ताटाची, मग चलनाचा रकाना, आणि शेवटी खानखोजे. वीस झेंडे तिने एकाच स्लाइडवर छोटे छोटे बसवले. मेस्सी गळला म्हणे. (त्याबद्दल मला थोडं वाईट वाटलं.) वेळ संपली म्हणून पराग्वे राहून गेला.

रविवारी तिचा फोन आला तो मला नव्हता, आजीला होता. म्हणाली, "आजी, मला तुझे शब्द लिहून घ्यायचेत. तू बोल, मी लिहिते. मी दुरुस्त करणार नाही." आईने आधी माझ्याकडे पाहिलं. मी उठून परसात गेले, उगाच सुपारीला पाणी घालत बसले. पाच मिनिटांनी आतून तिचं ते आळीतलं हसणं ऐकू आलं. आणि मोठ्या आवाजात, मला ऐकू जाईल की काय याची फिकीर न करता, ती विचारत होती, "नारल धाडू का गो तुला?"